जुन्या कापडांचा विद्यार्थी

(मारियानो फोर्तुनी हे रंगभूमीवरील एक नामवंत कलावंत आणि जुन्या वस्त्रकलेचे अभ्यासक होते. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलन होते. त्यात एखादे छोटे नाटकही असते. पडदा बाजूला होतो, दिवे लागतात आणि कालपर्यंत तुमच्या शेजारी बाकावर बसणारा मुलगा बादशहा होऊन समोर उभा राहतो. तो खरा बादशहा नाही, हे तुम्हांला ठाऊक असते. तरीही घटकाभर तुम्ही त्याला बादशहा मानता. असे का होते? त्याच्या अंगावरचा झगा, डोक्यावरची पगडी आणि त्यांवर पडलेला प्रकाश यांनी ही जादू केलेली असते.

नाटकातील पात्रांनी कोणते कपडे घालावेत, हे ठरवणाऱ्या कलावंताला वेशभूषाकार म्हणतात. आज तुम्हांला अशाच एका वेशभूषाकाराची गोष्ट सांगायची आहे. त्यांचे नाव मारियानो फोर्तुनी. ते चित्रकार होते, छायाचित्रकार होते, दिव्यांचे जाणकार होते आणि कापडावर छपाई करणारे कारागीरही होते. पण सर्वांत आधी ते विद्यार्थी होते. त्यांच्या अनेक गुरूंपैकी एक गुरू फार वेगळा होता. तो म्हणजे जुने कापड.

मारियानो यांचा जन्म ११ मे १८७१ रोजी स्पेन देशातील ग्रनाडा शहरात झाला. हे शहर तुम्हांला परके वाटणार नाही. उर्दू पुस्तकांत ज्याला गरनाता म्हणतात, तेच हे शहर. अलहम्ब्राचा सुप्रसिद्ध राजवाडा येथेच आहे. १४९२ सालापर्यंत येथे मुस्लिम सुलतानांचे राज्य होते. त्या काळी या प्रदेशातील रेशमी कापड दूरदूरच्या देशांत जात असे. अलहम्ब्राच्या भिंतींवर जशी वेलबुट्टी आणि चांदण्यांची नक्षी कोरलेली आहे, तशीच नक्षी तेथील विणकर रेशमात विणत असत.

मारियानोचे वडील नामांकित चित्रकार होते. त्यांचेही नाव मारियानो फोर्तुनी असेच होते. १८६० साली ते मोरोक्को देशात गेले. तेथील लोक, बाजार, गालिचे आणि भांडी पाहून ते भारावून गेले. तेव्हापासून त्यांना जुन्या कलावस्तू जमवण्याचा छंद लागला. सालार नावाच्या एका खेड्यात त्यांना अलहम्ब्राच्या काळातील एक भव्य चकचकीत रांजण सापडला. त्यांनी तो विकत घेतला. त्यांच्या चित्रशाळेत अशा कितीतरी वस्तू होत्या. त्यांत जुनी रेशमी वस्त्रेही होती.

पण हे सुख फार दिवस टिकले नाही. १८७४ साली रोम शहरात वडिलांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस वर्षांचे होते आणि लहानगा मारियानो तीन वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लिलाव होऊन वडिलांच्या संग्रहातील बऱ्याच वस्तू विकल्या गेल्या. आई सेसिलिया आपल्या दोन मुलांना घेऊन पॅरिसमध्ये राहू लागली. तीही चित्रकारांच्या घराण्यातील होती. तिलाही जुन्या कापडांचे मोठे वेड होते. मखमल, रेशीम आणि जरीचे तुकडे ती जमवत असे आणि पेट्यांत जपून ठेवत असे. वडिलांचा सहवास मारियानोला फारसा लाभला नाही. परंतु वडिलांची आवड आईच्या या पेट्यांतून त्याच्यापर्यंत पोहोचली.

मारियानोला घोड्यांच्या सान्निध्याचा त्रास होत असे. त्या काळी मोटारी नव्हत्या. पॅरिसचे रस्ते घोडागाड्यांनी भरलेले असत. तेव्हा राहायचे कोठे? आईने एक असे शहर निवडले, जेथे रस्त्यांऐवजी कालवे आहेत आणि गाड्यांऐवजी होड्या चालतात. ते शहर म्हणजे इटलीतील व्हेनिस. १८८९ साली हे कुटुंब तेथे राहायला गेले. मारियानो तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर व्हेनिस हेच त्याचे घर झाले.

व्हेनिस हे जुने व्यापारी बंदर होते. शेकडो वर्षे तेथील जहाजे इस्तंबूल, दमास्कस आणि इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या शहरांकडे जात आणि परत येत. त्या जहाजांतून मसाले येत, तसे कापडही येई. तुर्की विणकरांची डाळिंबाची नक्षी व्हेनिसच्या मखमलीवर उतरली, तर व्हेनिसची मखमल तुर्की सुलतानांच्या दरबारात पोहोचली. राजे एकमेकांशी लढत होते, पण त्यांचे विणकर एकमेकांकडून शिकत होते. तरुण मारियानो यांनी हे सारे जुन्या कापडांच्या तुकड्यांतून पाहिले. ते केवळ पाहून थांबले नाहीत. त्यांनी जुन्या वस्त्रांची आणि चित्रांची असंख्य छायाचित्रे घेतली, नक्षीच्या आकृत्या काढल्या आणि त्या नीट लावून ठेवल्या. हा संग्रह त्यांना जन्मभर उपयोगी पडला.

याच काळात त्यांना नाटकाची गोडी लागली. १८९२ साली ते जर्मनीतील बायरॉइट या गावी गेले. तेथे संगीतकार वाग्नर यांनी स्वतःच्या संगीत नाटकांसाठी खास नाट्यगृह बांधले होते. संगीत, काव्य, अभिनय, नेपथ्य आणि वेशभूषा या सर्व कलांनी मिळून एकच परिणाम साधला पाहिजे, असे वाग्नर यांचे मत होते. हा विचार फोर्तुनी यांच्या मनात खोल रुजला. १९०० सालच्या अखेरीस मिलान शहरातील ला स्काला या सुप्रसिद्ध नाट्यगृहात वाग्नर यांचे ‘ट्रिस्टन आणि इसोल्डे’ हे संगीत नाटक झाले. त्याचे नेपथ्य आणि पात्रांचे पोशाख तयार करण्याचे काम फोर्तुनी यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस वर्षांचे होते.

काम करताना एक अडचण त्यांच्या लक्षात आली. त्या काळी रंगमंचावर दिव्यांचा प्रकाश सरळ आणि भडक पडत असे. मागच्या पडद्यावर रंगवलेले आकाश कापडाचेच दिसे. निसर्गात असे होत नाही. तुम्ही भर दुपारी व्हरांड्यात बसता, तेव्हा तुमच्यावर थेट ऊन पडत नाही. तरीही तुम्हांला पुस्तक वाचता येते. कारण उजेड आकाशावरून आणि समोरच्या भिंतीवरून परतून तुमच्यापर्यंत येतो. फोर्तुनी यांनी हीच युक्ती रंगमंचावर वापरली. दिव्याचा झोत त्यांनी नटांवर न टाकता रंगीत कापडावर टाकला. कापडावरून परतलेला तो मऊ प्रकाश रंगमंचावर पसरला. १९०१ साली त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे त्यांनी रंगमंचाच्या मागे बसवण्यासाठी एक अर्धवट घुमटासारखा पडदा बनवला. त्यावर प्रकाश टाकला की पहाट, दुपार, सांज आणि ढगाळ आकाश हुबेहूब दिसे. १९०६ साली असा घुमट पॅरिसमधील एका खाजगी नाट्यगृहात बसवण्यात आला. १९२२ साली तो ला स्कालामध्येही आला.

प्रकाश तर सुधारला. पण असा मऊ प्रकाश ज्यावर पडायचा, ते कापडही तसेच हवे. ताठ, जाड आणि नुसत्या रंगाने माखलेल्या कापडावर तो खुलत नसे. मग फोर्तुनी कापडाकडे वळले. पॅरिसच्या त्या नाट्यगृहातील नृत्यासाठी १९०६ साली त्यांनी लांबलचक रेशमी वस्त्रे छापली. त्यांना ‘क्नोसोस’ असे नाव मिळाले. क्नोसोस हे क्रीट बेटावरील अतिप्राचीन राजवाड्याचे नाव आहे. १९०० सालापासून तेथे उत्खनन चालू होते आणि जमिनीखालून सुंदर चित्रे व भांडी बाहेर येत होती. त्यांवरील नक्षी फोर्तुनी यांनी रेशमावर छापली. हे वस्त्र शिवलेले नव्हते. आपल्याकडील साडी किंवा ओढणी जशी नाना प्रकारे अंगावर घेता येते, तसेच ते घेता येई.

मित्रांनो, आता या गोष्टीतील दुसऱ्या व्यक्तीची ओळख करून घेऊ. तिचे नाव आंरिएत नेग्रँ. ती फ्रान्स देशातील होती. फोर्तुनी आणि तिची भेट पॅरिसमध्ये झाली. १९०२ साली ती व्हेनिसला आली आणि पुढे दोघांनी विवाह केला. फोर्तुनी यांनी व्हेनिसमधील एका जुन्या, पडझड झालेल्या वाड्याच्या माळ्यावर आपली चित्रशाळा थाटली होती. त्या वाड्यात अनेक भाडेकरू राहत. हळूहळू फोर्तुनी यांनी सारा वाडा विकत घेतला, मधल्या तकलादू भिंती काढून टाकल्या आणि मोठी दालने पुन्हा मोकळी केली. त्याच वाड्यात दोघांनी कापडाचा कारखाना सुरू केला. आंरिएत स्वतः रंग तयार करण्यात आणि कापडावर काम करण्यात निपुण होती. कारखान्यातील कारागिरांच्या कामावर तिची बारीक नजर असे.

१९०७ सालच्या सुमारास या वाड्यातून एक अद्भुत पोशाख बाहेर पडला. त्याचे नाव ‘डेल्फोस’. ग्रीस देशातील डेल्फी या ठिकाणी १८९६ साली एका सारथ्याचा प्राचीन ब्राँझचा पुतळा सापडला होता. त्याच्या अंगावरील झग्याच्या चुण्या खांद्यापासून पायांपर्यंत सरळ उतरत होत्या. त्यावरूनच या पोशाखाची कल्पना सुचली. त्या काळी युरोपातील स्त्रिया कपड्यांच्या आत एक कडक, आवळलेली चोळी घालत. तिने कंबर बारीक दिसे, पण श्वास घेणेही कठीण होई. डेल्फोसला अशा चोळीची गरज नव्हती. तो खांद्यावरून पाण्याच्या धारेसारखा खाली उतरे.

तुम्ही मलमलीच्या कुर्त्याच्या बाहीवरील चुन्नट पाहिली असेल. लग्नसमारंभासाठी ती हाताने घातली जाते आणि कुर्ता धुतला की ती जाते. डेल्फोसवर मात्र तलम रेशमाच्या शेकडो बारीक चुण्या असत आणि त्या सहसा मोडत नसत. पोशाखाला पीळ देऊन तो दोरीसारखा गुंडाळत आणि लहानशा गोल डबीत ठेवत. इस्त्रीची गरजच नव्हती. चुण्या सैल झाल्याच, तर पोशाख पुन्हा व्हेनिसला पाठवावा लागे. तलम कापड नीट अंगाबरोबर राहावे म्हणून त्याच्या कडांना व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील काचेचे मणी लावलेले असत.

या चुण्या कशा घालत? १९०९ साली पॅरिसमध्ये या पद्धतीचे पेटंट घेण्यात आले. पेटंट म्हणजे एखाद्या नव्या शोधावर शोधकाचा हक्क सांगणारे सरकारी पत्र. त्यावर मारियानो फोर्तुनी यांचे नाव होते. साऱ्या जगाने हा शोध त्यांचाच मानला असता. पण त्या कागदावर फोर्तुनी यांनी स्वतःच्या हाताने एक टीप लिहून ठेवली. या शोधाची खरी मालकी आंरिएतची आहे, तीच शोध लावणारी आहे आणि घाईमुळे आपण तो आपल्या नावावर नोंदवला, असा तिचा आशय आहे.

ही टीप लहान आहे, पण तिचे मोल फार मोठे आहे. त्या काळी घरातील स्त्रीच्या कामाचे श्रेय पुरुषाला मिळणे ही नेहमीची गोष्ट होती. कोणी विचारलेही नसते. तरीही फोर्तुनी यांनी सत्य लिहून ठेवले. मात्र ती टीप कागदावरच राहिली आणि कित्येक वर्षे जग डेल्फोसला एकट्या फोर्तुनी यांचीच निर्मिती समजत राहिले. आज आपण हा पोशाख पाहतो, तेव्हा दोघांचीही आठवण ठेवली पाहिजे.

चुण्यांप्रमाणेच फोर्तुनी यांची छपाईही प्रसिद्ध झाली. जुन्या काळच्या किनखापात, म्हणजेच उर्दूतील कमख्वाबात, सोन्या-चांदीची तार विणलेली असे. असे कापड फार जड आणि महाग होई. फोर्तुनी यांनी तार विणण्याऐवजी धातूंची बारीक भुकटी रंगाप्रमाणे मखमलीवर छापली. लांबून पाहणाऱ्याला ते जरीचेच कापड वाटे. ते ठसे वापरत, नक्षी कापलेले साचे वापरत आणि वर कुंचल्यानेही काम करत. रंगांवर रंग चढवत. त्यामुळे त्यांचे कोणतेही दोन कपडे तंतोतंत सारखे नसत. त्यांच्या कापडांवर इराणी फुले, तुर्की डाळिंबे, कुफी लिपीच्या वळणाची नक्षी आणि व्हेनिसच्या जुन्या मखमलीवरील वेली दिसतात. त्यांच्या झग्यांमध्ये अरबी अबा आणि तुर्की कफ्तान यांचे घाट आढळतात. पण ही निव्वळ नक्कल नव्हती. ते नक्षी लहानमोठी करत, तिचे रंग बदलत आणि तिला नव्या काळाच्या पोशाखावर बसवत. गुरूचा धडा नुसता घोकायचा नसतो, तो समजून घेऊन आपल्या शब्दांत लिहायचा असतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

लवकरच फोर्तुनी यांची कीर्ती सर्वत्र पसरली. इटलीतील थोर अभिनेत्री एलिओनोरा दूझे आणि नर्तकी इझाडोरा डंकन यांनी त्यांचे पोशाख वापरले. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांनी आपल्या प्रसिद्ध कादंबरीत या पोशाखांचे वर्णन केले. पहिल्या महायुद्धानंतर फोर्तुनी यांनी व्हेनिसजवळच्या जुदेक्का बेटावर सुती कापड छापण्याचा कारखाना काढला. रेशमी पोशाख केवळ श्रीमंतांनाच परवडत. सुती कापड मात्र पडद्यांसाठी, भिंतींसाठी आणि बैठकींसाठी अधिक प्रमाणात छापता येई. १९२२ साली हा कारखाना सुरू झाला. तो आजही चालू आहे.

इतकी कीर्ती मिळाली, तरी फोर्तुनी यांचा दिनक्रम बदलला नाही. ते आपल्या वाड्यात चित्रे काढत, छायाचित्रे घेत आणि दिवे बनवत. त्यांनी वीसहून अधिक पेटंटे घेतली. १९३७ साली व्हेनिसमधील एका जुन्या इमारतीतील चित्रकार टिंटोरेटो यांची भव्य चित्रे त्यांनी आपल्या परावर्तित प्रकाशाने उजळली. जे तंत्र त्यांनी नाटकासाठी शोधले, तेच जुन्या चित्रांच्या सेवेला लावले.

३ मे १९४९ रोजी व्हेनिसमधील त्याच वाड्यात मारियानो फोर्तुनी यांचे निधन झाले. त्यानंतर आंरिएतने डेल्फोस बनवणे बंद केले. १९०९ सालच्या पेटंटमध्ये तापवलेल्या नळ्यांची आकृती आहे. पण ओल्या रेशमाला हात कसे लावायचे, घडी कशी धरायची आणि किती वेळ ठेवायची, हे आकृतीवरून कळत नाही. ते त्या हातांनाच माहीत होते. अनेकांनी तसा पोशाख बनवून पाहिला, परंतु अगदी तशा चुण्या कोणालाही जमल्या नाहीत, असे जाणकार सांगतात.

आंरिएतने उरलेली वर्षे पतीचा संग्रह नीट लावण्यात घालवली. १९५६ साली तिने तो वाडा व्हेनिस शहराला दान केला. १९६५ साली तिचे निधन झाले. १९७५ साली तेथे फोर्तुनी संग्रहालय सुरू झाले. ज्या दालनांत कधी कापड रंगवले जाई, त्या दालनांत आज जगभरचे लोक ते कापड पाहायला येतात.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कदाचित आजीची एखादी जुनी ओढणी, लग्नातला शरारा किंवा जरीची टोपी असेल. ती पेटीत पडून असेल. कधीतरी वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन ती उजेडात पाहा. तिची उलटी बाजूही पाहा. नक्षी विणली आहे, भरली आहे की छापली आहे, ते शोधा. ती कोणी बनवली, असे आजीला विचारा आणि तिने सांगितलेले वहीत लिहून ठेवा. डेल्फोसच्या चुण्यांची कला लिहिली गेली नाही, म्हणून ती हरवली. आंरिएतचे नाव मात्र एका छोट्या टिपेत लिहिले गेले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

शब्दार्थ

नेपथ्य – रंगमंचावरील देखावा
चुण्या – कापडाच्या बारीक घड्या
किनखाप – जरीचे भारी रेशमी कापड
ठसा – छपाईचा शिक्का
कुंचला – रंग देण्याचा ब्रश
घाट – आकार, ठेवण
परावर्तित – एखाद्या वस्तूवर आपटून परत आलेला
श्रेय – केलेल्या कामाचा मान
आशय – लिहिलेल्या मजकुराचा अर्थ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारियानो फोर्तुनी यांचा जन्म कोठे झाला?
(आ) सेसिलियाने राहण्यासाठी व्हेनिस शहर का निवडले?
(इ) ‘डेल्फोस’ या पोशाखाची कल्पना कशावरून सुचली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रंगमंचावरील प्रकाशात फोर्तुनी यांनी कोणती सुधारणा केली?
(आ) फोर्तुनी यांनी पेटंटच्या कागदावर टीप का लिहिली असेल? तुमचे मत लिहा.

३. पाठात आलेली कापडांची आणि पोशाखांची नावे शोधून त्यांची यादी करा.

४. तुमच्या परिसरातील विणकर, रंगारी, शिंपी किंवा जरीकाम करणाऱ्या कारागिराची भेट घ्या आणि त्यांच्या कामाविषयी दहा वाक्ये लिहा.